बाबा पदमनजी आणि त्यांची यमुना

आमच्या उदयनगरात मराठी ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. विंध्याच्या डोंगरात वसलेले देवास जिल्ह्यातले हे लहानसे गाव. बाजारात हिंदी आणि माळवी, डोंगरपाड्यांवर भिलाली आणि बारेली, आणि आमच्या चुलीपाशी मराठी. पवारांच्या राजवटीपासून धार-देवासकडे मराठी माणूस येत राहिला. आमच्यापैकी बहुतेकांचे वाडवडील मात्र नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इथलेच झाले. मोठ्या उपासना हिंदीत होतात, पण रविवारी दुपारी कोणाच्या तरी ओसरीवर आमची मराठी शब्बाथशाळा भरते. मुलांना मराठी वाचता यावे, एवढाच तिचा अर्धा हेतू.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट. नववीतली एक मुलगी शास्त्रपुस्तकाखाली दुसरेच पुस्तक ठेवून वाचताना सापडली. शिक्षिकाबाईंनी ते पुस्तक आणून आमच्या हाती दिले. रोमचा बादशहा नीरो याच्या काळात एका ख्रिस्ती तरुणीवर जीव जडलेल्या रोमी सरदाराची ती कादंबरी होती. आम्ही उपदेशक, आमचा निकाल तयारच होता. कादंबरी म्हणजे रचलेली गोष्ट, म्हणजे घडले नाही ते घडले म्हणून सांगणे, आणि विश्वासणाऱ्याने सत्यापासून ढळू नये, असे आम्ही सर्व मुलांदेखत सांगितले. त्या मुलीने मान खाली घालून, पण स्पष्ट विचारले की, काका, मग उधळ्या पुत्राचा बाप कोणत्या गावात राहत होता?

मुले हसली. आम्हीही हसलो, पण उत्तर सुचले नाही. पुढच्या रविवारी सांगतो, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. ते उत्तर शोधताना आम्ही ज्या माणसाच्या दारापाशी जाऊन पोहोचलो, त्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. धर्मशास्त्राच्या पदविकेच्या अभ्यासात त्याचे नाव आम्ही पाठ केले होते, परीक्षेत लिहिलेही होते. त्याचे पुस्तक मात्र कधी उघडले नव्हते. हा माणूस म्हणजे बाबा पदमनजी.

बाबांचा जन्म १८३१ सालच्या मे महिन्यात बेळगाव येथे झाला. आडनाव मुळे, जात कासार. वडील पदमनजी इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. घर धार्मिक वळणाचे. उपासतापास, व्रते, पोथीपुराण यांत मुलगा वाढला. बेळगाव हे कानडी आणि मराठी यांच्या सीमेवरचे शहर. तेथे लंडन मिशनने १८२० च्या सुमारास काम सुरू केले होते आणि त्यांची शाळाही चालत होती. त्या शाळेत बाबांना इंग्रजी शिक्षण मिळाले आणि तेथेच शास्त्रपुस्तकाची पहिली ओळख झाली. पुढे शिक्षणासाठी ते मुंबईस गेले आणि काही काळाने फ्री चर्च मिशनच्या विद्यालयात दाखल झाले. डॉ. जॉन विल्सन यांच्यासारखे विद्वान मिशनरी तेथे होते. नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये याच मंडळीच्या शिकवणुकीने बाप्तिस्मा घेतला होता आणि त्यावरून मुंबईत मोठी खळबळ उडाली होती. ती आठवण अजून ताजी होती.

बाबांचा विश्वास एका दिवसात जागा झाला नाही, हे शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी लक्षात ठेवावे. पौलासारखा दिमिष्काच्या वाटेवरचा प्रकाश सर्वांना दिसत नाही; काहींची पहाट हळूहळू उजाडते. म्हणूनच त्यांनी आपल्या आत्मचरित्राला अरुणोदय असे नाव दिले असावे. मराठीतील सुरुवातीच्या आत्मचरित्रांत या पुस्तकाला मानाचे स्थान आहे. मरे मिचेल यांच्या पुढाकाराने ते १८९० मध्ये इंग्रजीतही प्रसिद्ध झाले. एका तरुणाच्या मनात जुने आणि नवे कसे झगडत होते, भीती कशी आडवी येत होती, आईबापांचे दुःख पाहून पाय कसा मागे ओढला जात होता, हे सारे त्यात प्रामाणिकपणे सांगितले आहे.

त्या धडपडीच्या काळात बाबा परमहंस मंडळीत जात असत. ही मंडळी १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झाली. व्याकरणकार दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर हे तिचे पुढारी होते. देव एक आहे, मूर्तिपूजा नको, जातिभेद नको, असे या मंडळीचे मत. पण तिचे सगळे काम गुप्तपणे चाले. सभासदांनी जातिबंधन मोडले, परंतु बंद दाराआड. बाहेर येताच ज्याचा तो आपल्या जातीत. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस गेली, आणि गुपित फुटेल या भीतीने ती मंडळी मोडली. चांगले विचार होते, सज्जन माणसे होती. उघड्यावर उभे राहण्याचे धैर्य तेवढे कमी पडले. आज तिचा जो इतिहास आपल्याला माहीत आहे, त्यातला बराचसा बाबांच्याच लेखणीमुळे टिकला आहे.

बाबांनी बंद दाराआडचा हा धर्म जवळून पाहिला आणि स्वतःच्या अंतःकरणातही ओळखला. मनाने ते ख्रिस्ताचे झाले होते, पण लोकांत बोलत नव्हते. असे कित्येक महिने गेले. अखेरीस ३ सप्टेंबर १८५४ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बेळगावात, म्हणजे जेथे सगळे आप्तेष्ट ओळखत होते त्याच आपल्या जन्मगावी, बाप्तिस्मा घेतला. दूरच्या शहरात गुपचूप पाण्यात उतरणे सोपे होते. ते त्यांनी केले नाही.

आता आपण त्या पुस्तकाकडे येऊ. बाबांच्या मनाला स्त्रियांच्या स्थितीचा प्रश्न आधीपासूनच टोचत होता. ख्रिस्ती होण्यापूर्वीच स्त्रियांनी विद्याभ्यास करावा या विषयावर त्यांनी निबंध लिहिला होता. जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यास मुलींची शाळा काढली होती. बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीने १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. कायदा झाला खरा, पण कागदावरचा कायदा माजघरात पोहोचत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न व्हावे, नवऱ्याचे तोंडही नीट न पाहता ती विधवा व्हावी, तिचे केस काढावेत, तिला एकवेळ जेवण द्यावे, शुभकार्यात तिची सावली नको म्हणावे, हे घरोघर चालू होते. त्यावर निबंध लिहिले तर ते वाचणार कोण? शिकलेले पुरुष. आणि ते आधीच हो म्हणून घरी गेल्यावर गप्प बसणारे.

म्हणून बाबांनी गोष्ट लिहिली. १८५७ साली यमुनापर्यटन हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचे वय तेव्हा सव्वीस. पुस्तकाच्या नावातच हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे हे निरूपण आहे असे त्यांनी सांगून टाकले होते. आज मराठी वाङ्मयाचे अभ्यासक त्याला मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणतात. तोपर्यंत मराठीत गोष्टींची पुस्तके होती, ती बहुधा भाषांतरे. हरी केशवजी यांनी १८४१ मध्ये जॉन बनियनचे प्रसिद्ध पुस्तक यात्रिकक्रमण या नावाने मराठीत आणले होते, आणि ख्रिस्ती घरांत ते वाचले जाई. पण आपल्या मातीतील माणसे, आपले रस्ते, आपल्या घरातील दुःख घेऊन लिहिलेली लांब कथा यमुनापर्यटनाच्या आधी सापडत नाही.

कथा थोडक्यात अशी. यमुना ही मिशनच्या शाळेत शिकलेली तरुणी. तिचा पती विनायक हा सुशिक्षित आणि उदार मनाचा. दोघांचाही ख्रिस्तावर विश्वास बसलेला आहे, पण तो त्यांनी अजून उघड केलेला नाही. ही दोघे प्रवासाला निघतात. गावोगाव त्यांना विधवा भेटतात, कोणी तरुण, कोणी पोरवयाची, कोणी संन्याशिणीसारखी, कोणी फसवली गेलेली. प्रत्येकीची कहाणी वेगळी आणि दुःख एकच. पतिपत्नी ते ऐकतात, त्यावर बोलतात, वाद करतात. आणि मग घाला पडतो. विनायक मरण पावतो. आजवर दुसऱ्यांचे दुःख ऐकणारी यमुना स्वतःच विधवा होते. जे तिने पाहिले तेच तिच्या वाट्याला येते. शेवटी ती त्या छळातून बाहेर पडते, उघडपणे बाप्तिस्मा घेते, आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी तिचा पुनर्विवाह होतो.

या कथेत बाबांचे स्वतःचे आयुष्य आम्हाला दिसते. गुप्त विश्वास, उघड व्हावे की न व्हावे ही ओढाताण, घरच्यांचा विरोध, हे सारे त्यांनी भोगले होते. ते त्यांनी यमुनेला दिले. आणि विधवांच्या ज्या कहाण्या त्यांनी घातल्या, त्या आपण रचलेल्या नसून घडलेल्या गोष्टींवरून घेतल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. नावे बदलली, सांधा जोडला, पण दुःख खरे. म्हणजे कादंबरी आणि खोटे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे बाबांनी पहिल्याच मराठी कादंबरीत दाखवून दिले.

आम्ही त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधत होतो, ते येथे सापडले. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तेव्हा त्याने त्याच्यावर सरळ आरोप केला नाही. एका गरिबाच्या लाडक्या मेंढीची गोष्ट सांगितली. राजा रागाने उठला, न्याय सांगून बसला, आणि मग त्याला कळले की तो न्याय त्याच्याच विरुद्ध होता. ती मेंढी कोणाच्या गोठ्यात होती, हे विचारण्यात अर्थ नाही. गोष्ट घडलेली नव्हती, पण खरी होती. आपल्या प्रभूनेही लोकांना शिकविताना गोष्टीच सांगितल्या. पुढच्या रविवारी आम्ही मुलांसमोर आमची चूक कबूल केली, आणि ते पुस्तक त्या मुलीला परत दिले.

शिवाय एक ठरविले. दर रविवारी अर्धा तास यमुनापर्यटन मोठ्याने वाचायचे. एका नातेवाइकाच्या ट्रंकेत एक जुनी, मुखपृष्ठ गेलेली प्रत होती, ती मागवून घेतली. भाषा जुनी, मुलांना अडखळायला होई. वाद-संवादाची पाने लांबच लांब. काही पाने आम्ही गाळली, हे कबूल केले पाहिजे. पण विधवांच्या कहाण्या आल्या की ओसरी शांत होई. मुलांबरोबर मोठी माणसेही येऊन बसू लागली.

अशाच एका रविवारी वाचन संपल्यावर ती मुलगी मागे राहिली. तिने आम्हाला विचारले की, आपल्यात तर हे सगळे नाही ना, काका. मग परवाच्या लग्नात माझी आई हळदीच्या वेळी भिंतीशी का उभी होती?

तिचे वडील तीन वर्षांपूर्वी वारले. आई अजून चाळिशीच्या आतच. आमच्याच मंडळीतील एका लग्नात हळद लावायला बायका एकामागून एक पुढे होत होत्या. ती मात्र चुलीकडचे काम आहे असे दाखवून मागे राहिली. कोणी तिला जा म्हटले नव्हते. पण ये म्हणून कोणी बोलावलेही नव्हते. आम्ही तेथे होतो. लग्नाची प्रार्थना आम्हीच केली होती. आम्ही ते पाहिले होते की नाही, हे स्वतःला विचारले, तेव्हा खरे उत्तर असे आले की पाहिले होते, आणि त्यात पाहण्यासारखे काही वाटले नव्हते.

वाचकहो, आम्ही ते पुस्तक दुसऱ्यांच्या घरचे दुःख म्हणून वाचत होतो. यमुना आणि विनायक गावोगाव फिरून विधवांच्या कहाण्या ऐकतात, हळहळतात; आणि एके दिवशी ती कहाणी त्यांच्याच घराच्या उंबऱ्यावर येते. आमचेही तसेच झाले. आपण ख्रिस्ती आहोत, आपल्यात विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक आहे, आपण केस काढीत नाही, म्हणून आपण सुटलो, असे आम्ही धरून चाललो होतो. रूथचे पुस्तक आपल्या शास्त्रात आहे. परक्या देशातील तरुण विधवा, सासूबरोबर बेथलेहेमला येते, शेतात सरवा वेचते, आणि बवाज तिला सन्मानाने घरात नेतो. त्या विधवेच्या वंशात दावीद राजा जन्मला आणि पुढे स्वतः ख्रिस्त. हे आम्ही कितीदा शिकविले असेल! तरी हळदीच्या ताटाशी आमच्यातील रूथ भिंतीलाच उभी होती.

बाबांच्या उर्वरित आयुष्याकडे आता वळू. यमुनापर्यटनावर ते थांबले नाहीत. पुण्यात फ्री चर्च मिशनमध्ये त्यांनी शिक्षक म्हणून आणि पुढे पाळक म्हणून सेवा केली. मग मुंबईत राहून लेखन आणि संपादन हेच त्यांनी आपले सेवाकार्य मानले. ट्रॅक्ट सोसायटी आणि बायबल सोसायटी यांच्या मराठी कामात त्यांचा मोठा वाटा होता. सत्यदीपिका हे मासिक त्यांनी चालविले. १८४२ पासून निघत असलेल्या ज्ञानोदयाचे संपादनही काही काळ त्यांच्याकडे होते. नव्या करारावर त्यांनी मराठीत टीका लिहिली. लहानमोठी मिळून शंभरावर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत.

त्यांचे कोशांचे काम आमच्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. १८६० मध्ये त्यांनी शब्दरत्नावली हा समानार्थी मराठी शब्दांचा कोश केला. १८६३ मध्ये मोल्सवर्थ साहेबांच्या प्रचंड मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती त्यांनी तयार केली, आणि ती पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांच्या हातात राहिली. मोल्सवर्थचा मूळ कोश प्रसिद्ध झाला १८३१ मध्ये, म्हणजे बाबांच्या जन्मवर्षी. आणि त्याची दुसरी आवृत्ती निघाली १८५७ मध्ये, म्हणजे यमुनापर्यटनाच्याच वर्षी. हा योगायोग असेल, पण मराठी भाषेचे आणि या माणसाचे आयुष्य कसे बरोबरीने चालले ते त्यावरून दिसते. ख्रिस्ती झाल्यावर माणूस आपल्या भाषेला परका होतो, अशी समजूत त्या काळी होती आणि आजही कोठे कोठे आहे. बाबांनी तिला वादाने उत्तर दिले नाही. शब्द गोळा करून उत्तर दिले.

ज्या प्रश्नावर त्यांनी तरुणपणी लेखणी उचलली, त्याला पाने-फुले येताना पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. १८६० नंतरच्या दशकात विष्णुशास्त्री पंडितांनी महाराष्ट्रात विधवाविवाहाची चळवळ उभारली. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले. तेथे शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. त्याच सुमारास हरी नारायण आपट्यांची पण लक्षात कोण घेतो ही कादंबरी मराठी घराघरांतून वाचली जात होती. तीही एका विधवेची कहाणी, आणि तिच्या नायिकेचे नावही यमू. हरिभाऊंची कला बाबांपेक्षा पुष्कळ पुढची, यात शंका नाही. पण छत्तीस वर्षांपूर्वी पहिली वाट तुडविली होती ती बाबांच्या यमुनेने. २९ ऑगस्ट १९०६ रोजी बाबा प्रभूकडे गेले, तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते.

त्यांच्या पुस्तकात दोष नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. पात्रे पुष्कळदा माणसांसारखी न बोलता व्याख्यात्यांसारखी बोलतात. कथा थांबते आणि उपदेश सुरू होतो. आम्ही स्वतः उपदेशक असल्यामुळे हा दोष आम्हाला चांगला ओळखता येतो! दुसऱ्या धर्माविषयी त्या काळच्या वादविवादाची जी धार त्यात आहे, ती आज शेजारधर्म पाळणाऱ्या वाचकाने जपून घ्यावी. आमच्या ओसरीला लागूनच ज्यांचे अंगण आहे, त्या शेजाऱ्यांच्या मुलीही वाचन ऐकायला येत. त्यांना टोचेल असे वाचण्याचे आम्हाला कारण दिसले नाही. दुःख सर्वांचे सारखेच आहे, आणि पुढे विधवांसाठी झटलेल्यांत विद्यासागर, विष्णुशास्त्री आणि कर्वे यांच्यासारखे हिंदू सज्जनही होते, हे मुलांना सांगितलेच पाहिजे.

कादंबरी-वाचनाबद्दल मंडळ्यांतून आम्हाला अजूनही प्रश्न येतात, विशेषतः जुन्या काळातील ख्रिस्ती प्रेमकथांबद्दल. अशा पुस्तकांचा वंश मोठा आहे. अमेरिकेत हॅरिएट बीचर स्टो या पाळकाच्या मुलीने आणि एका शिक्षकाच्या पत्नीने १८५२ मध्ये अंकल टॉम्स केबिन लिहिले, आणि गुलामगिरीविरुद्ध लोकांची मने पेटविली. ल्यू वॉलेस यांचे बेन हर १८८० चे. पोलंडच्या हेन्रिक सिएन्कीविच यांची नीरोच्या काळातील क्वो वादिस १८९६ ची. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या हातात हीच सापडली होती. आपल्या मराठीतही गुंजीकरांच्या १८७१ च्या मोचनगडापासून ऐतिहासिक कादंबरीची परंपरा आहे. पण यमुनापर्यटनानंतर चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, मुक्तामाला आली, आणि मग काही काळ मराठी कादंबरी अद्भुत प्रसंगांत आणि राजपुत्र-राजकन्यांत रमून गेली. वाचकांना ते अधिक गोड लागले. गोड लागणे हा काही गुन्हा नाही. गोड खाऊन पोट भरले असे वाटणे, हा धोका आहे.

तेव्हा मुलामुलींच्या हाती कोणती कादंबरी द्यावी, याबद्दल आमच्या अनुभवातून आम्ही इतकेच सांगू. पुस्तकात बिघडवणारे काही नाही, एवढ्यावरून ते हितकारक ठरत नाही. प्रेमकथा असली म्हणून टाकू नये. रूथ आणि बवाज यांची कथाही दोन माणसांच्या घरट्याचीच आहे. पण त्या प्रेमात एकमेकांचा भार वाहणे आहे की नुसती एकमेकांची स्तुती, ते पाहावे. जुना काळ रंगविला असेल, तर त्या काळातील दुःखही रंगविले आहे की फक्त पोशाख आणि वाडे, तेही पाहावे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, पुस्तक मिटल्यावर वाचणाऱ्याचे लक्ष कोठे जाते? आरशाकडे, की शेजारच्या माणसाकडे? यमुनापर्यटनाने आमच्या त्या विद्यार्थिनीचे लक्ष भिंतीशी उभ्या असलेल्या आपल्या आईकडे नेले. याहून मोठी साक्ष एखाद्या पुस्तकासाठी आम्हाला माहीत नाही.

शिक्षकांना एक विनंती. मुलांनी लपवून वाचावे यापेक्षा आपल्याबरोबर बसून वाचावे. लपविलेल्या पुस्तकावर प्रश्न विचारता येत नाहीत. आम्ही ते पुस्तक हिसकावून कपाटात बंद केले असते, तर आमचे अज्ञान शाबूत राहिले असते.

गेल्या माघात आमच्या मंडळीत पुन्हा एक लग्न झाले. हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही नवरीच्या आजीकडे जाऊन बसलो. त्या नव्वदीला टेकलेल्या, स्वतः चाळीस वर्षे वैधव्यात काढलेल्या. आमचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले आणि काही बोलल्या नाहीत. आम्हाला वाटले, रुचले नसावे. दुसऱ्या दिवशी हळदीची वाटी आली तेव्हा त्यांनी काठी टेकीत पुढे होऊन पहिले बोट आपणच बुडविले, नातीच्या गालाला लावले, आणि मग भिंतीकडे वळून त्या मुलीच्या आईला नावाने हाक मारली. ती आली. तिचा हात कापत होता. दोघी-तिघी बायका मागच्या मागे निघून गेल्या आणि जेवायला थांबल्या नाहीत, हेही येथे लिहिले पाहिजे. त्यांच्याशी अजून आमचे बोलणे व्हायचे आहे, आणि ते आम्हाला टाळता येणार नाही.

ती मुलगी त्या वेळी दारात उभी होती. तिने आमच्याकडे पाहिले, पण काही विचारले नाही. येत्या रविवारपासून शब्बाथशाळेत यमुनापर्यटन पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करीत आहोत. या वेळी वाचणारी ती आहे, आणि आम्ही ऐकणार आहोत.